मीठ कोणी घातलं ते कोंबडीला विचारा

२ सप्टेंबर, सोमवार

बोटीच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं बसून मी निवृत्त झालो, त्याला आज तीन आठवडे झाले. कंपनीने निरोपाच्या वेळी ही वही दिली. खरं तर भिंतीवरचं घड्याळ ठरलं होतं, पण ते साहेबांच्याच घरी गेलं म्हणतात. माझी बायको माकेलेसी म्हणाली, "दिवसभर माझ्या मागे मागे बोलत फिरता, त्यापेक्षा त्या वहीत लिहा." तिने सांगितलं म्हणून नव्हे, माझ्याच मनात होतं म्हणून लिहितो आहे.

काल जेवताना मला धंद्याची कल्पना सुचली. मासा होता, उकडलेले कसाव्याचे कंद होते आणि तोरिकाने केलेला मिरचीचा सॉस होता. तोरिका माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून आमच्या मागच्या पत्र्याच्या घरात राहते. माझा आतेभाऊ एरोनी डोळ्यांतून पाणी गाळत तिसऱ्यांदा सॉस मागत होता. मी एकदम म्हणालो, "हा विकला पाहिजे!"

तोरिका ताटाकडे बघत म्हणाली, "माकेलेसी, विचार तरी, करणार कोण?"

मी म्हणालो, "माकेलेसी, सांग तिला. डोकं माझं, देखरेख माझी."

"मग हात कोणाचे तेही विचार," तोरिका म्हणाली.

त्याआधी दहा मिनिटं तिच्या मुलाचा, सेमीचा, ब्रिस्बेनहून फोन येऊन गेला होता. आईला नोव्हेंबरात कायमची तिकडे नेतो म्हणतो, नातवंडं सांभाळायला. तोरिका म्हणाली, "बघू." बघू म्हणजे होच. तर या फोनचा आणि माझ्या कल्पनेचा काहीही संबंध नाही. एखाद्याला जेवताना कल्पना सुचू शकते.

८ सप्टेंबर, रविवार

नवे पाद्री प्रार्थनेनंतर चहाला आले. ते दूरच्या रेवा भागातले, इथले रिवाज त्यांना नवीन. तोरिका म्हणाली, "माकेलेसी, पाद्रीबाबांना साखर किती ते त्याला विचारायला सांग." मी म्हणालो, "माकेलेसी, दोन चमचे म्हणून सांग." पाद्री माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि तोरिका त्यांच्यापासून हातभर.

त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं दोघांचं भांडण झालंय का?"

"भांडण? छे! आम्ही बहीण-भाऊ आहोत."

मग समजावून सांगावं लागलं. मी बारा वर्षांचा आणि ती चौदाची होईपर्यंत आम्ही बोलत होतो, एकमेकांच्या झिंज्याही उपटत होतो. त्यानंतर एक शब्द नाही. मोठे झाल्यावर बहीण-भावाने थेट बोलायचं नाही, हा मान आहे. पाद्री म्हणाले, "आमच्याकडे हे आजोबांबरोबर गेलं." मी म्हणालो, "आजोबा आमचेही गेले, पण सांगून गेले."

१४ सप्टेंबर, शनिवार

हॉटेलांच्या मागून आणि बंदरातल्या शिडाच्या बोटींवरून रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. चाळीस झाल्या. उकळून घ्यायच्या, पण त्यासाठी गॅस कोण जाळणार? आमचं सगळं सावूसावू गाव ज्या उकळत्या झऱ्यांत कसावा उकडतं, त्याच झऱ्यांत मी बाटल्यांचं पोतं सोडलं आणि छत्री उघडून शेजारी बसलो. धंद्यात असं डोकं लागतं.

एरोनी तिथून चालला होता. आमच्याकडे आतेभाऊ-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची असते आणि हा माणूस दुसरं काही करतच नाही. "काय रे तिकीटबाबू, बाटल्यांचं कालवण का? मऊ झाल्या की हाक मार, मीठ घेऊन येतो."

मी त्याला काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुनावता सुनावता पोतं ओढून काढलं आणि बसने घरी आलो. उघडलं तर आत सात शिजलेले खेकडे. तिथे सगळ्यांची पोती पिठाचीच असतात, एकसारखी.

परत गेलो. एक म्हातारी माझ्या चाळीस बाटल्या पुढ्यात मांडून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "बघा हो, माझ्या खेकड्यांचं काय झालं!" तोवर घरी दोन खेकडे माकेलेसीने खाऊन टाकले होते. म्हातारीला पहिल्या दोन बाटल्या भरून द्यायचं कबूल करून सुटलो.

बाटल्यांवर झऱ्याच्या पाण्याचा पांढरा थर बसला आहे. तोरिकाने माकेलेसीमार्फत कळवलं की थर ती लिंबाने घासून काढेल, देखरेख करणाऱ्याने आता विश्रांती घ्यावी.

२२ सप्टेंबर, रविवार

काल पहिला माल तयार झाला. मिरच्या, लसूण, पिकलेली पपई, व्हिनेगर, लिंबू. चोवीस बाटल्या. म्हातारीच्या दोन बाजूला काढल्या आणि बाकीच्या बावीस पुढच्या पडवीत ओळीने लावल्या, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. तीच चूक झाली.

चर्चहून परतणारा प्रत्येक नातेवाईक थांबला. "पेनाया, आम्हाला एक दे ना." नातेवाइकाने तोंड उघडून मागितलं की नाही म्हणता येत नाही. मी तर एकतीस वर्षं बोट भरल्यावरही कोणाला नाही म्हणू शकलो नाही, माणसं नारळांवर बसून गेली. दुपारपर्यंत बावीसपैकी एक उरली. ती एरोनीने मागितली नाही, उचललीच.

तोरिकाने निरोप पाठवला की यापुढे माल तिच्या खोलीत, पलंगाखाली राहील. तिच्या खोलीत मला पाय टाकता येत नाही, त्यामुळे मी कोणाला काही देऊच शकणार नाही. मला हा अपमान वाटला. पण योजना चांगली आहे, मलाही सुचणारच होती.

३ ऑक्टोबर, गुरुवार

माकेलेसी आजच्या बोटीने राजधानीला, सुव्याला गेली. मुलीचं बाळंतपण आहे, दोन महिने तरी येत नाही. धक्क्यावर तिला विचारलं, "आता आमच्या निरोपांचं काय?" ती म्हणाली, "दोघं मिळून एकशे वीस वर्षांचे आहात. काढा काहीतरी मार्ग."

तोरिका तिच्या घरात, मी माझ्या घरात आणि मध्ये स्वयंपाकाची शेड. चुलीशी आम्ही दोघं पाठमोरे उभे. तासभर मी चूल फुंकत होतो, नुसता धूर. शेवटी लाकडाच्या ढिगावर बसलेल्या तांबड्या कोंबडीकडे बघून तोरिका म्हणाली, "कोंबडे, काही लोकांना ओली लाकडं आणि सुकी लाकडं यांतला फरकच कळत नाही बघ."

मी कोंबडीला म्हणालो, "सुकी पावसात भिजली. त्याला लोक काय करणार?"

अशी सोय झाली. कोंबडी शांत स्वभावाची आहे, मध्ये बोलत नाही. माकेलेसी निरोप देताना त्यात स्वतःची भर घालायची, तेही आता वाचलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मोठी बातमी! बंदराजवळच्या हॉटेलातला मुख्य आचारी वायसाले भेटला. माकेलेसीचा लांबचा भाऊ लागतो. त्याला आठवड्याला चाळीस बाटल्या हव्या आहेत, कायमच्या. आधी चव बघणार. पुढच्या शुक्रवारी चार बाटल्या घेऊन बोलावलं आहे.

आठवड्याला चाळीस म्हणजे एकट्या माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. इतकं काम अंगावर असताना घरातलं कोणी परदेशी कसं जाईल? हे मी धंद्याच्या दृष्टीने लिहितो आहे.

लेबलंही छापून आली. वर माझा फोटो, खाली 'पेनायाची आग' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'स्वतः बनवलेला'. फोटो बोटीच्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा आहे, त्यामुळे मी तिकीट नाकारल्यासारखा दिसतो. तोरिकाने लेबल उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कोंबडे, बघ गं. अंडी तू घालायची आणि आरवायचं दुसऱ्यानेच."

मी लेबलं चिकटवायला घेतली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

नामुष्की.

वायसालेने चमचाभर सॉस तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दोन ग्लास पाणी प्यायला. मग म्हणाला, "पेनायाभाऊजी, सगळा उपसागर आटवून आणलात का?"

घरी येऊन मी कोंबडीला विचारलं, "पहाटे मी मीठ घातलं होतं. नंतर आणखी कोणी घातलं का?"

तोरिका कढई घासता घासता थांबली. "कोंबडे, मीठ मी घातलं. चाळीस वर्षं मीच घालते. कोणी आधी घातलं असेल, तर तुझ्या कानावर घालायचं ना!"

"ती तेव्हा अंड्यांवर बसली होती," मी म्हणालो. खरंच बसली होती.

वायसाले तसा दिलदार आहे, पुन्हा तीन आठवड्यांनी ये म्हणाला.

२० ऑक्टोबर, रविवार

सेमीने तिकीट काढलं. २३ नोव्हेंबर, शनिवार. तोरिकाने हे कोंबडीला सांगितलं नाही, मला एरोनीकडून कळलं. कोंबडीकडे जाऊन मी म्हणालो, "ऐकलं, कोणीतरी निघालंय." तोरिका मिरच्यांचे देठ काढत होती. तिने मान वर केली. मला वाटलं काही सांगेल. मीही काही पुढे बोलेन असं कोंबडीला वाटलं असावं. मग तोरिका म्हणाली, "कोंबडे, मिरच्या नीट वाळव म्हणावं," आणि निघून गेली.

दुपारी बघतो तर तिने मागच्या वाफ्यात मिरचीची साठ नवी रोपं लावली. त्यांना मिरच्या धरायला फेब्रुवारी उजाडेल. स्वतः जायची आहे, तरी आमची सोय करून ठेवते आहे. केवढं मन आहे तिचं!

२७ ऑक्टोबर, रविवार

यांगोना, म्हणजे आमचं ते मुळांचं गुंगीचं पेय, प्यायला एरोनीकडे गेलो. दोन वाट्या झाल्यावर तो म्हणाला, "तिला जाऊ नको म्हण की, मुक्या."

"मी कसा म्हणणार?"

"त्या कोंबडीला सांग."

"कोंबडी कामाचं बोलायला असते. मीठ, लाकडं, झाकणं. असलं काही कोंबडीला सांगतात होय?"

"मग मी सांगतो."

"तू सांगितलंस तर गावभर होईल, पेनायाला बहिणीशिवाय करमत नाही म्हणून."

"करमतं का?"

मी त्याला म्हणालो, तुझी यांगोना पातळ आहे. होतीच पातळ.

३ नोव्हेंबर, रविवार

तोरिकाने मोठी सूटकेस बाहेर काढली. ती अंगणात उन्हात उघडी पडली होती. ती बघितली आणि न जेवताच मी समुद्राकडे फिरायला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर सूटकेसभर मिरच्या वाळत घातलेल्या. आधी ऊन देऊन तिचा कुबट वास घालवत असणार. बायका प्रवासाची तयारी अशी पद्धतशीर करतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आता काय लिहू! वायसालेने चमचा तोंडात घातला, हलवला, पुन्हा घातला. "या वेळी समुद्र घरीच ठेवलात?"

मीठच नव्हतं. मागच्या वेळच्या गोंधळानंतर मी ठरवलं होतं की मीठ तिच्यावर सोपवायचं, मान ठेवायचा. तिने ठरवलं होतं की माझ्यावर सोपवायचं, मान ठेवायचा. दोघांनी मान ठेवला आणि सॉस अळणी राहिला.

वायसाले म्हणाला, "भाऊजी, पुढच्या शुक्रवारी शेवटचं. त्या शनिवारपासून बोटवाल्या पाहुण्यांची गर्दी आहे. नाही जमलं, तर मी सुव्याहून कारखान्याचा मागवतो."

घरी येऊन कोंबडीला सगळं सांगितलं. तोरिका हसली. पाठमोरी होती, पण खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून हसत होतो आणि कोंबडी घाबरून बाहेर पळाली. इतकं एकत्र कधी हसलो होतो ते आठवत नाही.

नंतर तोरिका डोळे पुसत तिच्या घरात गेली. पंधरा दिवस राहिले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शेडमध्ये चुलीशी बसून लिहितो आहे. शेवटचा माल उद्या करायचा. आज सगळ्या बाटल्या पुसून ठेवल्या.

मी आतापर्यंत या वहीत थोडं खोटं लिहिलं. धंदा मला नको होता. खिडकीत इतकी वर्षं काढल्यावर मला आराम हवा होता. त्या रविवारी सेमीचा फोन आला, ती "बघू" म्हणाली आणि मी जे तोंडाला आलं ते बोलून बसलो. हॉटेल समोर आलं असतं तर हॉटेल काढू म्हणालो असतो.

रोज सकाळी ती मागचं अंगण झाडते. मी अंथरुणात पडून तो खराटा ऐकतो. जोरात चालला तर समजावं, रागावली आहे. मध्येच थांबला तर शेजारीण आली आहे. तिचा नवरा गेला त्या वर्षी तो महिनाभर बंद होता, आणि मी रोज सकाळी वाट बघत पडायचो. ज्या दिवशी पुन्हा वाजला, त्या दिवशी मी कामावर गेलो आणि सगळ्यांना खिडकीतून हसून तिकिटं दिली. लोकांना वाटलं, मला बढती मिळाली.

ती गेल्यावर सकाळी मी काय ऐकू? ती जाऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं. नातवंडांकडे जाणाऱ्या बाईला कोणी अडवू नये हेही कळतं. तिला जायचंच आहे, ते दिसतंच आहे. उगीच सांगून तिला अवघड कशाला करायचं?

बाहेर एरोनी हाका मारतो आहे, लाकडं घेऊन आलाय. सुकी आणली असली तर देव पावला. वही इथेच बाटल्यांच्या फळीवर ठे

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वही, हे अक्षर तुझ्या मालकाचं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी तोरिका. फळीवर बाटल्या मोजायला गेले आणि तू उघडीच पडली होतीस. वाचू नये हे मला समजतं. मी सगळी वाचली. काही पानं दोनदा.

तर वही, तू त्याला सांग. मी सहा आठवडे त्या कोंबडीसमोर उभी राहिले. कधी मिरच्यांचं निमित्त केलं, कधी झाकणांचं. वाटलं, आज तरी तो तिला सांगेल. तो लाकडांचं बोलायचा. मला वाटलं, बाईमाणूस मागच्या घरात राहतं, अडचण होत असेल, गेलेलं बरंच. मला कोणी थांब म्हटलंच नाही, तर मी कोणासाठी थांबायचं? शेवटी रोपं लावून बघितली. साठ रोपं लावणारी बाई कुठे जाते, हे कोणत्याही माणसाला समजलं असतं. एरोनीलासुद्धा समजलं.

माझा नवरा गेला त्या वर्षीचंही वाचलं. त्याला सांग, उद्याही मागचं अंगण मीच झाडणार आहे.

आज सकाळी सेमीशी बोलले. त्याला सांगितलं, नातवंडांना बघायला मे महिन्यात येईन आणि महिन्याभराने परत येईन, घरी धंदा आहे. तो थोडा रुसला. त्याला आईचा सॉस पाठवणार आहे, रुसवा जाईल.

वही, आता कामाचं. चूल पेटवली आहे, एरोनीने आणलेली लाकडं निम्मी ओली आहेत. पपई चिरून ठेवली आहे. तुझा मालक बाहेर शेजाऱ्याला आपल्या धंद्याबद्दल काहीतरी सांगत उभा आहे, इथून ऐकू येतं आहे. तो आत आला की तुला शोधेल, तेव्हा हे पान उघडंच ठेवते.

मीठ मी घातलंय, पेनाया. तू फक्त ढवळ.